चार इंच खाली

या सगळ्या प्रकरणात टेपरावांना मिळायचे होते फक्त चार इंच. तीन नाही, पाच नाही, चार. आणि त्या चार इंचांवर वरकड म्हणून एक बायको, स्वतःचीच, सहा वर्षांनी ट्रकच्या शेजारच्या सीटवर बसलेली. याहून स्वस्त सौदा त्यांच्या जन्मात आला नव्हता. खरं तर तिथेच त्यांनी सावध व्हायला हवं होतं. पण वस्तू स्वस्त दिसली की भला भला माणूस पिशवी उघडतो, आणि टेपराव तर नुसतेच भले होते.

टेपराव हे नाव गल्लीनं ठेवलेलं. नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात ते मोजणी कारकून होते. लोकांचे सज्जे, पायऱ्या आणि कुंपणं मोजायची आणि हद्दीबाहेर आलेल्या प्रत्येक इंचाला एक नोटीस धाडायची, हे त्यांचं काम. शर्टाच्या खिशात माणसं पेन ठेवतात, टेपराव पोलादी टेप ठेवत. ते समोरून आले की गल्लीतली माणसं नकळत पोट आत घेत.

ट्रक वडिलांचा. लहानसा, चपट्या नाकाचा, शेवाळी रंगाचा. दरवाजा थेट पुढच्या चाकावर, आणि दोन गोल दिव्यांतला डावा किंचित खाली झुकलेला, त्यामुळे तो कधीही बघा, नुकताच दुपारच्या झोपेतून उठल्यासारखा दिसे. वडिलांनी त्यातून तीस वर्षं बर्फ वाहिला. अजूनही भर उन्हात दार उघडलं की आतून एक गार, ओलसर वास येई, आणि टेपराव दोन क्षण तिथेच उभे राहत. असे उभे राहिले की त्यांना हाक मारून उपयोग नसे.

लग्नानंतरची पहिली कितीतरी वर्षं ते दोघं रविवारी या ट्रकमधून तळ्यावर जात. शहर संपलं की रस्ता हळूहळू उताराला लागे, दोन्ही बाजूंना झाडं, आणि मग अचानक समोर पाणी. बायको थर्मास उघडे, टेपराव इंजिन बंद करत, आणि अर्धा तास कोणी काही बोलत नसे. मग बायकोच्या गुडघ्यानं राजीनामा दिला. तेव्हापासून टेपराव एकटेच जात आणि शेजारच्या सीटवर, अगदीच रिकामी दिसू नये म्हणून, कापडी पिशवी ठेवत. पिशवी फारसं बोलत नसे, पण तिच्यात थर्मासही नसे.

बायको शाळेत गणित शिकवत आली होती. सगळी गल्ली तिला 'बाई' म्हणे आणि निम्मी गल्ली तिच्या हातून एकदा तरी नापास झालेली. तिनं स्वतःचा प्रश्न एका ओळीत मांडला.

"अहो, माझा गुडघा एकोणीस इंच चढतो. तुमच्या ट्रकची पायरी तेवीस इंचांवर आहे. चार इंचांनी नापास करतोय तो मला."

"एखादं स्टूल..." टेपराव म्हणाले.

"स्टूल? सगळ्या गल्लीदेखत मी स्टुलावर चढू? आणि वर चढल्यावर कोणी हार घेऊन आलं म्हणजे?"

"अगं, कोण येणार आहे हार घेऊन?"

"ते जाऊ द्या. जी गाडी मला घेत नाही, ती माझ्या दारात कशाला? पुढच्या महिनाअखेरपर्यंत मला माझ्या पायांनी आत बसू द्या आणि तळ्यावर नेऊन आणा. नाही जमलं, तर त्या दातांच्या डॉक्टरांना देऊन टाका. दर शनिवारी येऊन ते ट्रककडे जसे बघत उभे राहतात ना, तसं तुम्ही माझ्याकडे कधी बघितलं नाहीत."

दातांचे डॉक्टर म्हणजे जुन्या गाड्यांचे शौकीन. येत, बोनेटवर टिचक्या मारत, वाकून आत बघत आणि म्हणत, "मूळ आहे हं. सगळं मूळचं आहे. काढायचं झालं तर आधी मला सांगा." हेच वाक्य ते दवाखान्यातही म्हणत असावेत.

आता ट्रकची पुढची बाजू चार इंच खाली बसवणं ही काही जगावेगळी गोष्ट नव्हे. जगात हौशी लोक आहेत, आणि त्यांच्यासाठी सुटे भाग बनवणारे आहेत. टेपरावांनी अशा भागांचा एक जाडजूड कॅटलॉग मागवला आणि तो आल्या दिवसापासून त्यांचं कार्यालयातलं लक्ष उडालं. जेवणाच्या सुट्टीत डबा एका हाताला, कॅटलॉग दुसऱ्या. गुळगुळीत पानांवर बुटके स्प्रिंग, आखूड शॉकअप, निळसर पोलादाच्या नळ्या, आणि त्यांच्यामधून रस्त्याला जवळजवळ गाल टेकवून चाललेले जुने ट्रक. ती चित्रं बघता बघता टेपरावांच्या टेबलाच्या कडा विरघळत. फायली पाण्यावर तरंगल्यासारख्या दूर जात. एक शेवाळी ट्रक आवाज न करता, होडीसारखा, उतारावरून घसरत येई, आणि शेजारच्या सीटवरून कोणीतरी थर्मासचं झाकण फिरवल्याचा बारीक आवाज येई. समोर नोटिशीचं उत्तर घेऊन उभा असलेला माणूस तीनदा खाकरे. चौथ्यांदा तो स्वतःच आपला सज्जा दोन इंच कमी करतो म्हणून सांगून निघून जाई. त्या महिन्यात खात्याची वसुली चांगली झाली.

निवड करायची म्हटल्यावर सल्ला आला. सल्ला मागावा लागत नाही, तो डासासारखा आपला आपण शोधत येतो.

पहिला सल्ला मिस्त्रींचा. हे मिस्त्री गाडीखाली निजून काम करत आणि काम नसलं तरी गाडीखालीच निजत. गल्लीतल्या निम्म्या लोकांनी त्यांचे फक्त पाय बघितले होते.

"कशाला नवीन भाग?" पाय म्हणाले. "स्प्रिंगचे दोन वेढे कापतो. अर्ध्या तासात गाडी बसती होईल."

"आणि पुन्हा वर करायची झाली तर?"

"कापलेलं परत कसं वाढेल साहेब? नखं आहेत का ती?"

कोपऱ्यावरच्या टेलरनं हे दुकानातून ऐकलं आणि सुई तोंडातून काढली. "टेपराव, ऐका माझं. कापू नका. तीस वर्षं कात्री चालवतोय, कापून कधी कोणाचं भलं झालं नाही. आत दुमडा, माया ठेवा. माणूस जाड होतो, माणसाचं मन बदलतं. उसवता आलं पाहिजे."

"लोखंडाला माया कशी ठेवायची?"

"ते लोहाराला विचारा. मी तत्त्व सांगितलं."

तिसरा सल्ला सायकलवाल्याचा, आणि पुढं काय झालं ते बघता, एकमेव शहाणा. तो म्हणाला, "हवेच्या पिशव्या बसवा की स्प्रिंगच्या जागी. आतून बटण दाबलं की ट्रक खाली बसतो, बाई चढल्या की पुन्हा बटण, ट्रक वर. उंटासारखा."

टेपराव ताठ झाले. "जी उंची सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरी, तिची नोंद कशी करायची? उंची म्हणजे काय मूड आहे का?"

हा प्रश्न त्यांना फार बिनतोड वाटला. आपलं नुकसान करणारे प्रश्न नेहमीच बिनतोड असतात.

शेवटी कॅटलॉगच्या एकशे बाराव्या पानावर त्यांना हवं ते सापडलं. चाक ज्याच्यावर बसतं तो पोलादी तुकडा म्हणजे स्टब. चाकाचं मनगट म्हणा ना. या पानावरच्या स्टबवर चाकाची जागा चार इंच वर घेतलेली होती. चाक वर गेलं की ट्रक आपोआप खाली. स्प्रिंगला हात लावायचा नाही, काही कापायचं नाही, चार बोल्ट काढले की जुनं ते जुनं. टेलरची माया, मिस्त्रींना सोपं काम आणि टेपरावांचा ठरीव आकडा, तिन्ही एका वस्तूत. त्या पानाला त्यांनी नुसता खुणेचा कागद घातला नाही, त्यावर एकदा हळूच हात फिरवला.

मागणीचा अर्ज त्यांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात भरून धाडला. आठ दिवसांनी पेटी आली. मिस्त्रींनी दोन्ही स्टब शेजारी शेजारी ठेवले, एकदा उलटे करून बघितले, मग सुलटे.

"साहेब, दोन्ही उजवे आहेत."

"असं कसं?"

"मला काय विचारता? ट्रकला विचारा, त्याला डावा पण पाय आहे."

दुकानदाराला फोन लागला. तो शांतपणे म्हणाला, "तुमचा अर्ज समोर आहे साहेब. उजव्या रकान्यात लिहिलंय, नग दोन. डावा रकाना कोरा आहे."

टेपरावांच्या कानशिलांपर्यंत ऊन चढलं. पंचवीस वर्षं त्यांच्या खात्यात प्रत्येक अर्जाचा डावा रकाना 'कार्यालयीन उपयोगासाठी' राखून ठेवलेला होता. डाव्या रकान्यात लिहिणाऱ्या कितीतरी नागरिकांना त्यांनी स्वतः परत पाठवलं होतं. हात आपला सवयीनं उजवीकडे गेला होता.

"डावा रकाना तुम्ही भरायचा असतो," ते म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

एक उजवा परत जाऊन डावा येईपर्यंत बारा दिवस गेले. महिन्याचे आता जेमतेम दहा उरले. बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर काही खूण केली नाही, फक्त जाता-येता त्याच्याकडे बघत. तीस वर्षं परीक्षेच्या हॉलमध्ये घड्याळाकडे बघायची सवय ती.

मिस्त्रींच्या आवारात जागा नव्हती, म्हणून काम दारातच, बदामाच्या झाडाखाली झालं. ही गोष्ट तेव्हा कोणालाच महत्त्वाची वाटली नाही. दोन दिवस ट्रकखालून पाय दिसत होते, मधूनमधून पाना वाजे, मधूनमधून घोरणं. बदामाची मोठमोठी पानं टपावर पडत. दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना मिस्त्रींनी जॅक काढला. ट्रकनं एक लांब सुस्कारा सोडला आणि हळूहळू खाली बसला, जणू कोणीतरी त्याला म्हणालं होतं, टेक आता जरा.

टेपरावांनी टेप लावला. एकोणीस. केसभरही इकडेतिकडे नाही. त्यांनी टेप तसाच धरून ठेवला, कारण टेप सोडला तर हात काय करतील याचा त्यांना भरवसा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई निळी साडी नेसून बाहेर आल्या. टेलर मशीन थांबवून दारात आला. सायकलवाला पंप हातात घेऊन उभा. वरच्या मजल्यावरच्या मावशी सज्ज्यात. बाईंनी उजवा हात दरवाजाच्या मुठीला लावला, डावा पाय उचलला, पायरीवर ठेवला आणि बसल्या. बस, एवढंच. कोणाचा हात नाही, स्टूल नाही, हुश्श नाही. सहा वर्षं पिशवी जिथं बसली होती तिथं बाई बसल्या आणि म्हणाल्या, "सीटचा कोपरा फाटलाय. तुमच्या लक्षात आलं नाही वाटतं."

टेपरावांनी किल्ली फिरवली. रस्ता पूर्वीपेक्षा जवळ आला होता, अगदी हात बाहेर काढून पाण्यात घालावा तसा. गल्लीतली घरं दोन्ही बाजूंनी हळूच मागे सरकत होती. त्यांच्या मनात उतार सुरू झाला होता, झाडं आली होती.

साठ पावलं गेल्यावर 'खण्ण' असा आवाज झाला आणि ट्रक थांबला.

गल्लीला तोंड एकच. मागे भिंत. आणि त्या एकुलत्या एक तोंडाशी एक गतिरोधक होता, पाच इंच उंच. ट्रकचा पुढचा बंपर पूर्वी जमिनीपासून आठ इंचांवर असे. आता चारवर होता.

मिस्त्रींनी आडवं होऊन बघितलं. "बंपर काढून उपयोग नाही. मागे रेडिएटरची चौकट आहे, ती पण तिथंच अडेल."

टेपरावांना तो गतिरोधक नीट माहीत होता. माहीत कसला, तो त्यांचा होता. चार वर्षांपूर्वी गल्लीत भरधाव वाहनं येतात म्हणून त्यांनीच अर्ज केला, त्यांनीच पाठपुरावा केला, आणि डांबर ओतलं त्या दुपारी स्वतः टेप घेऊन उभे राहिले. मजुरानं साडेचारवर हात थांबवला तर त्याच्याकडून अर्धा इंच आणखी घालून घेतला. तेव्हा वरच्या मावशी खाली येऊन म्हणाल्या होत्या, "टेपराव, तीन इंच ठेवा की. माझ्या स्कूटरवर पाठीचे मणके मोजले जातात."

"नियम पाच इंचांचा आहे, मावशी."

"आणि माझा सज्जा?"

"तो नऊ इंच बाहेर आहे. त्याची नोटीस वेगळी येईल." आणि आली.

आता मावशी त्याच नऊ इंच बाहेर आलेल्या सज्ज्यात उभ्या होत्या. इतक्या दिवसांनी त्यांना त्या नऊ इंचांचा खरा उपयोग झाला, कारण गल्लीचं तोंड तिथूनच नीट दिसत होतं.

"काय झालं हो टेपराव? अडला का? नियम म्हणजे नियम हो."

बाई समोर बघत बसून होत्या. "मागे घ्या," त्या हळूच म्हणाल्या. साठ पावलं मागे. उलटं जाताना घरं मागून परत आली, एकेक करून, सगळ्यांच्या दारात माणसं.

पुढचे दिवस टेपरावांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. गतिरोधक कमी करायचा तर खात्याकडे अर्ज. अर्ज त्यांनी केला. तो आवक होऊन, शिक्का बसून, नियमाप्रमाणे मोजणी कारकुनाकडे अभिप्रायासाठी आला. मोजणी कारकून तेच. अर्जदार टेपरावांचा अर्ज टेपरावांनी दोनदा वाचला. विनंती नम्र होती, अक्षर चांगलं होतं, रकाने बरोबर भरले होते. कारणाच्या जागी लिहिलं होतं, 'बायकोला तळ्यावर न्यायचे आहे.' बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत बसले. मग त्यांनी लाल शाईत शेरा मारला: 'कारण वैयक्तिक स्वरूपाचे आहे. सबब अमान्य.' आणि आपलाच नकार पाकिटात घालून, आपल्याच पत्त्यावर, पोच मागून, रवाना केला. तसा तो मोजणी कारकून अजिबात वाईट नव्हता, पण त्याला लाचही देता येत नव्हती.

टेलरनं आपल्या कापायच्या टेबलाच्या दोन फळ्या काढून आणल्या. त्या गतिरोधकाला टेकवून उतार करायचा, असा बेत. पहिली फळी ट्रकनं मोडली, दुसरी त्या आवाजानं. मग मिस्त्री म्हणाले, "उलटा काढू. ढुंगण वर आहे त्याचं, सुटेल." ढुंगण सुटलं. पुढची चाकंही सुटली. मागोमाग बंपर आला, तो गतिरोधकाच्या माथ्यावर बसला आणि हलेना. दोन तास शेवाळी ट्रक सगळा रस्त्यावर आणि नाक तेवढं गल्लीत ठेवून उभा होता, निघताना उंबऱ्यात काहीतरी आठवून थांबलेल्या पाहुण्यासारखा. शेवटी सात माणसांनी बंपर उचलून धरला. काही जण म्हणाले, असाच बाहेर ढकलू. टेपराव म्हणाले, "बाहेर काढलात तर परत आत कोण घेणार? रोज सात माणसं आणू?" तेव्हा तो आत आला.

आणि याच दिवसांत, कोणी ठरवलं नसताना, एक गोष्ट सुरू झाली.

पहिल्या संध्याकाळी बाई चहाचे कप धुऊन बाहेर आल्या, ट्रकचं दार उघडलं आणि आत बसल्या. टेपराव बदामाखाली उभे होते.

"उभे काय राहिलात? या. एवढे चार इंच आणलेत, वाया घालवायचे का?"

ते येऊन चाकापाशी बसले. इंजिन बंद. खिडक्या उघड्या. काच इतकी जुनी की तिच्यातून गल्लीचा शेवट थोडा लाटेसारखा हलताना दिसे.

"कुठं आलो आपण?" बाईंनी विचारलं.

टेपराव जरा गोंधळले. मग म्हणाले, "पुलावर."

"आज वारा आहे पुलावर."

"हो. काच थोडी वर घे."

तिनं काच वर घेतली. दुसऱ्या दिवशी ते मालधक्क्यापर्यंत गेले, तिसऱ्या दिवशी रस्ता चुकून कुठल्याशा विटांच्या भट्टीपाशी. चौथ्या दिवशी बाई थर्मास घेऊन आल्या. टेलर मशीन चालवता चालवता मान वर करी आणि पुन्हा खाली घाली. एकदा सायकलवाल्यानं येऊन विचारलं, "बसल्या बसल्या काय करता हो?" तर टेपराव म्हणाले, "बाजूला हो, मागून बस येतेय," आणि तो खरोखर बाजूला झाला.

पण बाईंनी जन्मभर गणित शिकवलं होतं, आणि गणितात मानलेली किंमत शेवटी पडताळून पाहावी लागते. एकोणतीस तारखेला थर्मासचं झाकण लावताना त्या म्हणाल्या, "अहो, हे सगळं छान आहे. पण मला तळं बघायचंय."

त्या रात्री झोपण्यापूर्वी टेपरावांनी एवढंच म्हटलं, "ठरल्याप्रमाणे होईल." दिलेली मुदत त्यांनी कधी कोणाला वाढवून दिली नव्हती, स्वतःला कशी देणार?

तीस तारखेला सकाळी दातांचे डॉक्टर कागद घेऊन आले. पण ट्रक न्यायचा कसा? गल्लीबाहेर काढायचा तर तो आधी होता तसा करायला हवा. मिस्त्री पुन्हा ट्रकखाली गेले. चार बोल्ट इकडचे, चार तिकडचे. टेलर दुकानातून म्हणाला, "बघितलंत? माया ठेवली म्हणून उसवता आलं." दुपारी जॅक निघाला तेव्हा ट्रक चार इंच वर उभा होता, ताठ, झोपमोड झाल्यासारखा. टेपरावांनी सवयीनं टेप लावला. तेवीस. त्यांनी टेप गुंडाळला, सीटमागे सरकवलेली कापडी पिशवी काढून घेतली आणि डॉक्टरांकडे किल्ली धरली. किल्ली हातात होती, पण बोटं उघडत नव्हती.

"जरा मोकळं सोडा," डॉक्टर मऊपणानं म्हणाले. "दुखणार नाही."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून काहीतरी ओढत आणल्याचा आवाज आला.

बाई दारात होत्या. निळी साडी. हातात, स्वयंपाकघरात वरच्या फळीवरचे डबे काढायला असतं ते, लाकडी, तीन पायांचं, एका बाजूला जळल्याचा डाग असलेलं स्टूल. टेलर, सायकलवाला, मिस्त्रींचे पाय आणि वर मावशी, सगळी गल्ली हजर होती. बाई कोणाकडे न बघता ट्रकपाशी आल्या, स्टूल पायरीखाली ठेवलं, हलतं का ते पायानं बघितलं.

टेपरावांचा हात खिशाकडे गेला.

"मोजायचं नाही," बाई म्हणाल्या.

हात परत आला. बाईंनी एक पाय स्टुलावर ठेवला. मग दुसरा. क्षणभर त्या तिथं उभ्या राहिल्या, सगळ्यांच्या डोक्यांहून उंच, आणि त्यांचे कान लाल झाले होते. त्यांच्या हातून नापास झालेली निम्मी गल्ली खाली उभी होती. हार घेऊन कोणी आलं नाही. कोणी हसलंही नाही. सायकलवाल्यानं पंप पाठीमागे लपवला, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. मग बाईंनी दाराची मूठ धरली आणि त्या आत गेल्या.

"डॉक्टर," खिडकीतून त्या म्हणाल्या, "आज तीस तारीख. मुदत आज दिवसभर आहे. तुम्ही उद्या या, चहाला. कागद आणू नका."

"पण मी..."

"आणि तुम्ही, उभे काय राहिलात? बसा."

टेपराव बसले. ट्रक निघाला. साठ पावलांवर पुढची चाकं गतिरोधकावर चढली, उतरली, मग मागची. कोणीतरी झोपेत कूस बदलावी तसं वाटलं.

"बाई!" सज्ज्यातून मावशी ओरडल्या. "स्टूल इथंच राहिलं!"

"राहू द्या! उतरायला लागेल!"

"मी बघते त्याच्याकडे! कोणाला हात लावू द्यायची नाही!"

रस्ता शहराबाहेर पडला, उताराला लागला. झाडं आपापल्या जागी होती. सहा वर्षांत त्यांनी कोणालाही नोटीस न देता बऱ्याच फांद्या रस्त्यावर आणल्या होत्या, आणि ट्रक त्यांच्या सावल्यांतून हिरवा, काळा, पुन्हा हिरवा होत चालला होता. टेपरावांना वाटलं, आपण अजून दारातच बसलो आहोत आणि हे सगळं काचेतल्या लाटेत दिसतंय. मग पाणी आलं. त्यांनी इंजिन बंद केलं.

बाईंना उतरता येणार नव्हतं, स्टूल गल्लीत होतं. म्हणून दोघंही वरच बसून राहिले. थर्मासचं झाकण फिरल्याचा बारीक आवाज झाला. पलीकडच्या काठावरून एक होडी निघाली आणि बराच वेळ निघालेलीच राहिली.

"अहो, कुठं आलो आपण?"

टेपरावांनी पाण्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. दातांचे डॉक्टर ट्रककडे बघत, साधारण तसंच.

"दारात," ते म्हणाले.

आता कोणी काय भरलं ते सांगून टाकतो. टेलरनं दोन फळ्या भरल्या. मिस्त्रींनी चार दुपारच्या झोपा. दातांच्या डॉक्टरांनी एक जिवापाड जपलेली आशा, पण चहाला ते आले. मावशींनी संध्याकाळपर्यंत सज्ज्यातून स्टुलावर पहारा दिला, आणि त्या नऊ इंचांची फाइल त्यानंतर खात्यात कोणाला सापडली नाही. ते नऊ इंच टेपरावांनी भरले असं धरायला हरकत नाही. गतिरोधकानं काही दिलं नाही, तो आजही पाच इंच आहे. ट्रक चार इंच खाली गेला, चार इंच वर आला, म्हणजे त्यानंही काही दिलं नाही. राहिले ते मूळचे चार इंच, जे कोणीतरी द्यायचेच होते. ते बाईंनी भरले, सगळ्या गल्लीदेखत, एका जळक्या स्टुलावर उभं राहून, आणि पावती मागितली नाही.